थोरलीला सवचं पाणी

मला कुणी विचारलं, “आनंदीबाई, तुमच्या संसारात काय कमी होतं?” तर मी सांगते, कमी काय नव्हतं, एक जास्त होती.

डॉक्टरांच्या अंगणात आंब्याखाली ती उभी असायची. पांढरीफेक, रुंद, पुढचे दोन दिवे डोळे वटारल्यागत. ॲम्बॅसिडर मोटार. मी लग्न होऊन महाडला आले त्याच्या आदल्या वर्षी डॉक्टरांनी ती घेतलेली. म्हणजे मानानं ती थोरली नि मी धाकटी. मी तिला थोरलीच म्हणायची. आमच्या ह्यांना वाटायचं, मी कौतुकानं म्हणते. कौतुक कसलं, जळून जळून कोळसा झाला होता माझा.

हे म्हणजे माझा नवरा, भागोजी. नवऱ्याचं नाव घ्यायला उखाणा लागतो, पण जिनं मला इतकी वर्षं पोळलं तिची गोष्ट सांगायला बसले, तर आता उखाणा कुठं जुळवत बसू? रघुवीर डॉक्टरांच्या गाडीवर हे ड्रायव्हर. बंगल्यामागं दोन खोल्या हायत, त्यात आमचा संसार. डॉक्टरीणबाईंच्या हाताखाली मी धुणंभांडी करायची.

हे मूळचे शिवथर खोऱ्यातले. घरची नाचणीची जमीन, तीही डोंगराच्या उतरणीला, आणि खाणारी तोंडं रग्गड. म्हणून मिसरूड फुटायच्या आत महाडला आले नि हायवेवर ट्रक धुवायला लागले. धुता धुता क्लीनर झाले, क्लीनरचे ड्रायव्हर झाले. एकदा वरंध घाटात अडकलेली बाळंतीण ह्यांनी ट्रकातनं महाडला आणली, तिला म्हणे एक धक्का लागू दिला नाय. ते डॉक्टरांनी बघितलं आणि मोटार घेतल्याबरोबर ह्यांना बोलावून घेतलं. त्या बाळंतिणीचं मला काय माहीत नाय बाई. मला तर पोटुशी असताना ह्यांनी एस्टीनं माहेरी पाठवलं, तेही मागच्या बाकावर.

माणूस वाईट नव्हता. दारू नाय, तंबाखू नाय, वर मान करून कुठल्या बाईकडं बघणं नाय. आळीतल्या बाया म्हणायच्या, “आनंदे, नशीब काढलंस गो!” मी हसायची. ह्या बायांना काय सांगू? माझ्या नवऱ्याला बाहेरची नव्हती, अंगणातली होती.

सकाळी हे उठले की तोंड धुवायच्या आधी थोरलीचं दर्शन. बॉनेट उघडायचं, रेडिएटरचं झाकण फिरवायचं, पाणी बघायचं, मग फडक्यानं सगळं इंजिन पुसायचं. बाहेरनं कुणीही पुसतं हो, हे आतनं पुसायचे! नळ्या, नटबोल्ट, सांदीकोपरे, जिथं देवसुद्धा बघायला येणार नाय तिथपर्यंत. वर तिच्याशी बोलणं. “चल गो बाय.” “दमलीस काय गो?” मला मात्र “ऐकतेस काय?” आमच्याकडं बाईमाणसाला मायेनं ‘गो’ म्हणतात. ती सगळी माया तिकडं वाहून जायची नि मला उरायचं ते नुसतं ‘ऐकतेस काय’.

आणि ते फडकं कसलं होतं माहीत हाय? माझं लग्नातलं हिरवं लुगडं. जुनं झालं होतं, मान्य. पण मी ते घडी घालून ट्रंकेत ठेवलं होतं. एका दसऱ्याला ह्यांनी ते काढलं, टराटरा फाडलं, आणि म्हणतात कसे, “असं मऊ सूत आता मिळत नाय. नव्या फडक्यानं तिला ओरखडे पडतात.” माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्यात ती फडकी धुवायची कुणी? मीच. थोरलीचं तेल नि काजळी माझ्याच लुगड्यातनं काढत मी दगडावर बसायची.

त्या दगडानंच माझे गुडघे गेले. उकिडवं बसलं की उठताना जीव जायचा. शेजारची राहीबाई म्हणाली, “सवला जा गो. गरम कुंडात पाय सोडून बस, मोकळी होशील.” महाडच्या जवळच सावित्रीच्या काठाला सव हाय. जमिनीतनं कढत पाणी वर येतं. कुजक्या अंड्यागत वास मारतं, पण खरूज, नायटे, सांधे, सगळ्याला गुणकारी. राहीबाईनं एकदा पत्र्याच्या बादलीतनं ते पाणी घरी आणून ठेवलं होतं, मी तिच्याकडं जाऊन गुडघ्यांना लावलं होतं. बरं वाटलं. मग मी ह्यांच्या मागं लागले, एकदा मला सवला न्या. “बघू,” म्हणाले. त्यांचं ‘बघू’ म्हणजे बघायचं नाय.

थोरलीत मी कधी बसले नव्हते. डॉक्टरसाहेब देवमाणूस, कितीदा म्हणाले, “भागोजी, आनंदीबाईंनाही आण की जत्रेला.” हे म्हणायचे, “राहू द्या साहेब, तिला गाडी लागते.” आता बोला! बसलेच नाय कधी, तर लागणार कुठनं? एस्टीत कधी लागली नाय ती!

असा आमचा तिघांचा संसार चालला होता. मग अठ्ठ्याण्णव सालच्या वैशाखात डॉक्टरांच्या एकुलत्या एका मुलीचं, चैत्रालीचं, लग्न ठरलं. मुलगा भोरचा. लग्न महाडला, नि पाठवणी वरंध घाट चढून भोरला.

ही चैत्राली जन्मली तेव्हा दवाखान्यातनं घरी आणली ती थोरलीतनं. हे एवढे हळू आले की वाटेत बैलगाडीनं पुढं काढलं. शाळेत सोडली, पुण्याला कॉलेजात पोचवली, ती थोरलीतनंच. “पाठवणी पण हिच्यातनंच,” असं पोरीनं लहानपणीच सांगून ठेवलेलं, “आणि चालवणार भागोजीकाका.” ह्या माणसानं आयुष्यात देवाकडं दुसरं काय मागितलं नाय. पोरीला ह्या गाडीतनं सासरी पोचवायची, एवढंच. झोपेत बरळायचे ते पण घाटातली वळणं बरळायचे.

आणि नेमकी त्याच वैशाखात थोरली आजारी पडली.

झालं असं की गाडी तापायला लागली. काटा वर चढायचा, बॉनेटातनं वाफ यायची. सकाळी रेडिएटरात पाणी भरावं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी खाली गेलेलं. खाली जमिनीवर बघावं तर टिपूस नाय. पाणी जात होतं, पण कुठं जात होतं ते कळत नव्हतं.

सयाजी मेस्त्री आले. एस्टी स्टँडामागं त्यांचं गॅरेज, तरणा माणूस, तोंडानं फटकळ. त्यांनी गाडीखाली वर्तमानपत्रं पसरली, थेंब पडला तर डाग दिसेल म्हणून. कागद कोरडेच. त्यांनी रबराची नळी बदलली, झाकण बदललं, पंप हलवून बघितला. “झालं,” म्हणाले. दुसऱ्या दिवशी पाणी पुन्हा खाली. पुन्हा आले, रेडिएटर काढून पाण्याच्या टाकीत बुडवून बघितला. बुडबुडा नाय.

“असं कसं होईल?” मेस्त्री डोकं खाजवत म्हणाले. “भागोजीकाका, पाणी पिऊन टाकते काय ही?”

हे आजारी माणसाच्या उशाशी बसल्यागत बॉनेटला हात लावून उभे.

मला? खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. भांडी घासताना गाणं येत होतं तोंडात. एवढी वर्षं ही टवटवीत नि माझे गुडघे कुरकुर करणारे. आता हो बाई तू पण म्हातारी, असं मनात म्हणत मी कढईला राख लावत होते.

त्यात भर म्हणून पोलादपूरचा हर्षद आला. हा मुंबईला गाडी चालवून परत आलेला, नवी कोरी सुमो भाड्यानं फिरवायचा. लग्नाच्या पाहुण्यांसाठी डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं. त्यानं सुमो आणून नेमकी थोरलीच्या शेजारी लावली. काळा चष्मा कपाळावर चढवून म्हणतो, “काका, टेन्शन नाय लेनेका. ओल्ड गाडी हाय, घाटात रिस्क कशाला? नवरी मी टाकतो भोरला, एकदम एसीत.”

‘टाकतो’ म्हणाला, पोतं टाकावं तसं. ह्यांचा चेहरा मी बघितला. अहाहा! नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. त्या दिवसापासून हे सुमोकडं बघायचेसुद्धा नाय, बघावं लागलंच तर ‘तो डबा’ म्हणायचे. हर्षदनं अंगणात हॉर्न वाजवला की ह्यांच्या हातातला घास खाली पडायचा. तेव्हा मला कळलं, मत्सर हा आमच्या घरात माझ्या एकटीचा नाय. फरक एवढाच, त्यांचा दोन दिवसांचा नि माझा जन्माचा.

मग एका सकाळी डॉक्टरसाहेब चहाचा कप घेऊन अंगणात आले. ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “भागोजी, मला तुझं मन कळतं. पण घाटात गाडी बंद पडली, नवरी रस्त्यात उन्हात उभी राहिली, तर व्याही काय म्हणतील? रविवारपर्यंत सयाजीला दोष सापडला तर तू आणि ही. नाही सापडला तर चैत्राली सुमोतून जाईल. आणि मग हिला तरी ठेवून काय करायचं? खेडचा एक भंगारवाला मागतोय.”

भंगारवाला! मी तुळशीला पाणी घालत होते, तांब्या हातातच राहिला. देवा, एवढं भरभरून दान? अंगण मोकळं होणार होतं.

त्याच दिवशी मी फडकी धुवायला घेतली. ह्यांचं इंजिनाचं फडकं हातात घेतलं तर ते खळ घातल्यागत कडक. तेलानं फडकं मऊ पडतं, कडक कशानं होईल? बघितलं, तर काळ्या तेलावर पांढरा थर. पाण्यात घातलं आणि तो वास आला. कुजक्या अंड्याचा.

माझे हात थांबले. हा वास मी गुडघ्यांना लावला होता.

मी तशीच लंगडत उठले, मागच्या लाकडाच्या खोपीत गेले. सरपणामागं दोन प्लास्टिकचे कॅन. तोंडाला पांढरं पीठ धरलेलं, तोच वास. तेवढ्यात हे मागनं आले.

“ह्यात काय होतं?” मी विचारलं.

दचकले नाय, उलट चोरून आणलेला खाऊ सापडलेल्या पोरागत हसले. “सवचं पाणी.”

“कुणासाठी?”

“तिच्यासाठी. दिवाळीला रेडिएटरातनं तांबडं पाणी निघालं. आतनं गंजायला लागलीय बिचारी. म्हटलं, माणसाची खरूज जाते, हाडं मोकळी होतात, मग हिचा गंज नाय जायचा? आणि तापल्या इंजिनात गार पाणी घालायचं नसतं, ते तर आयतं गरम. साहेब त्या बाजूला पेशंट बघायला जातात ना, तेवढ्यात मी भरून आणतो. आता जास्त पिते, म्हणून जास्त आणतो.”

मी विचारलं, “आणि माझे गुडघे?”

“त्यांचं काय?”

“मी किती वर्षं सांगते, मला एकदा सवला न्या. मोटारीनं नको, एस्टीनं न्या, चालवत न्या. तुम्ही तिथं जाताय, कॅन भरताय, नि एक तांब्या माझ्यासाठी आणवला नाय?”

हे खरोखरच विचारात पडले. मग अगदी सरळ मनानं म्हणाले, “अगं, तुझे गुडघे काय वरंध घाट चढायचेत?”

बघा. ह्या वाक्यावर मी काय करायला हवं होतं? कॅन डोक्यात घालायला हवा होता. मी काय केलं नाय. गप्प बसले. कारण ह्यांना जे माहीत नव्हतं ते मला माहीत होतं. राहीबाईच्या त्या पत्र्याच्या बादलीला वर्षाच्या आत बुडाशी भोक पडलं होतं, चाळणीसारखं. माणसाच्या कातडीला गुणकारी असेल ते पाणी, पत्र्याला नव्हतं. ह्यांनी दिवाळीपासून थोरलीला औषध म्हणून रोज जे पाजलं, त्यानंच ती आतनं खाल्ली होती. आणि पाणी जिथनं सुटत होतं तिथं जो पांढरा माग उठायचा, तो हे रोज सकाळी मायेनं पुसून टाकायचे. मेस्त्रीला दिसणार कुठनं?

सगळं माझ्या ओटीत येऊन पडलं होतं. मी तोंड उघडलं नाय की झालं. रविवार येणार, सुमो जाणार, भंगारवाला येणार. मी फडकं पिळलं, वाळत घातलं, नि रात्रीच्या भाकऱ्या नेहमीपेक्षा मऊ केल्या.

शनिवारी मेस्त्री हात टेकून गेले. “काका, मला नाय सापडत,” म्हणाले. दुपारी ह्यांना जेवायला हाक मारायला मी अंगणात गेले. हे थोरलीच्या पुढच्या चाकाला पाठ लावून जमिनीवर बसले होते आणि रडत होते. आवाज नाय, नुसते खांदे हलत होते. माझा बाप गेला तेव्हा हा माणूस “चालायचंच” म्हणाला होता. माझ्या पोटातलं पोर गेलं तेव्हा ह्यांनी मला दूध गरम करून दिलं होतं, पण डोळा कोरडा. आणि आता बघा.

त्या वेळी मला तिची दया आली असं समजू नका. दया कसली, मला तिला तिथंच पेटवून द्यावीशी वाटली. पण बघता बघता माझ्या टाळक्यात एक गोष्ट शिरली. मेल्या म्हशीला मणभर दूध! उद्या ही भंगारात गेली की ह्यांच्या मनात ती कायमची तरणी राहणार. तिचा काटा कधी चढला नाय, ती कधी थांबली नाय, तिच्यासारखी दुसरी होणे नाय. मी जन्मभर त्या गेलेलीशी भांडत बसू? अंगणात उभ्या असलेल्या थोरलीला निदान गंज चढतो, माझ्यासारखाच. गेलेलीला कुठं गंज चढतो?

नको बाई. जगू दे तिला. जगू दे नि म्हातारी होऊ दे माझ्याबरोबर.

मी ते कडक फडकं पदराखाली घेतलं, गुडघे दाबत सयाजी मेस्त्रीच्या गॅरेजात गेले आणि त्यांच्या हातात दिलं. बादलीचं सांगितलं, कॅनचं सांगितलं. त्यांनी फडक्याचा वास घेतला, कपाळावर हात मारला.

“काकी, मी खाली थेंब शोधत बसलो, नि हे वर माग पुसून टाकतात!”

“एक दिवस त्यांना गाडी पुसू देऊ नका, म्हणजे दिसेल. पण कुणाला सांगायचं नाय. डॉक्टरांना नाय, ह्यांना तर नायच नाय.”

“काकांना का नाय? शहाणे होतील.”

“मेस्त्री, त्या माणसाचा जीव कधी घ्यायचा ते मी ठरवीन. तो मान माझा हाय.”

मेस्त्रींनी डॉक्टरांना सांगून ह्यांना शिवथरला राहिलेल्या पत्रिका वाटायला पाठवलं, एस्टीनं. वस्तीला तिथंच राहा म्हणाले. हे जाताना चार वेळा मागं वळून बघत गेले. रविवारी सकाळी मेस्त्रींनी अंगणात इंजिन चालू केलं, चांगलं तापू दिलं. मी नळाशी बसून बघत होते.

इंजिनाच्या अंगाला पत्र्याच्या गोल टोप्या ठोकलेल्या असतात, त्यांच्या मागं पाणी खेळतं. पार मागची टोपी धुराच्या तापल्या नळीखाली, सहज नजर जात नाय अशा जागी. तिथं पांढरी रेघ उठायला लागली. पाणी तापलं की टोपीतनं बारीक फुसकारा यायचा, नळीवर उडायचा नि खाली यायच्या आत वाफ होऊन जायचा. म्हणून जमीन कोरडी.

“सापडली!” मेस्त्री ओरडले. इंजिन निवल्यावर त्यांनी टोपीला नुसता पेचकस टेकवला तर तो आत गेला. पापडासारखी झाली होती. बाकीच्या टोप्या पण तसल्याच. त्यांनी सगळ्या काढून नव्या बसवल्या, सोड्याचं पाणी घालून इंजिन नि रेडिएटर आतनं दोन-तीनदा धुतला, तो गढूळ पांढरा चिखल निघाला. मग विहिरीचं गोडं पाणी भरलं. डॉक्टरांनी विचारलं, “कशामुळे झालं रे?”

मेस्त्रींनी माझ्याकडं बघितलं. “वय झालं, साहेब. दुसरं काय?”

दुपारी हे आले. गाडी भुर्रकन सुरू झालेली, काटा जागच्या जागी. हे मेस्त्रींच्या पायाच पडायला निघाले. मग धावत माझ्याकडं आले. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. “ऐकतेस काय,” म्हणाले, “मेस्त्रींना चहा टाक. जास्त दुधाचा.”

टाकला. काय करणार?

लग्न झालं. पाठवणीच्या वेळी चैत्रालीनं आईच्या गळ्यात पडून रडून घेतलं, नि मग डोळे पुसत म्हणाली, “माझी पाठराखीण म्हणून आनंदीकाकू येणार.” नवरीबरोबर सासरी सोबतीला जायचं म्हणजे केवढा मान! मानाच्या मावश्या, आत्या सोडून पोरीनं मला निवडलं. मी ह्यांच्याकडं बघितलं. आता ‘गाडी लागते’ म्हणा की! नवरा-नवरी मागं बसली, मी पुढं, ह्यांच्या शेजारी. थोरलीच्या पोटात मी पहिल्यांदा बसले. सीट माझ्या गादीहून मऊ होती. म्हटलं, बघा, माझी गादी कसली नि हिची कसली.

वरंध सोडलं, घाट लागला. मे महिन्याचं ऊन, डांबर वितळलेलं. ह्यांचा एक डोळा रस्त्यावर नि एक काट्यावर. मी पण काट्याकडंच बघत होते. आम्ही दोघं नवरा-बायको पहिल्यांदाच एका गोष्टीकडं एका जिवानं बघत होतो. मागं पाहुण्यांनी भरलेली हर्षदची सुमो हॉर्न देत होती, ह्यांनी तिला वाघजाईपर्यंत पुढं जाऊ दिलं नाय. देवळापाशी थांबून नारळ फोडला. काटा मधल्या खुणेच्या वर गेला नाय. भोरला सासूनं पोरीला ओवाळलं, तेव्हा ह्यांनी मान खाली घालून बॉनेटवरनं हात फिरवला. गडी जिंकला होता.

दुसऱ्या दिवशी परत निघालो, दोघंच. घाट उतरताना खाली शिवथर खोरं दिसलं, ह्यांनी बोट करून मला त्यांचा डोंगर दाखवला. मला गोड वाटलं हो. वाटलं, गाडीत बसल्यावर हा माणूस असा असतो तर. आणि तेवढ्यात हे म्हणतात, “महाडला घरी नको जायला. सवला जाऊ.”

एवढ्या वर्षांनी! मी पदर सारखा केला. “माझ्या गुडघ्यांची आठवण झाली तर तुम्हाला.”

“तसं नाय,” हे म्हणाले, “कॅन रिकामे हायत ना. मेस्त्रीनं विहिरीचं पाणी भरलंय तिच्यात. एवढं नवीन काम केलंय आतनं, पयल्यापासनं चांगलं पाणी पडलं पायजे.”

झालं! जो जीव घ्यायचा मान मी राखून ठेवला होता, त्याची वेळ आली. मी सगळं सांगितलं. बादली, फडकं, पांढरी रेघ, पापडासारखी टोपी. “माणसाच्या गुडघ्यांना चालतं ते पाणी, पत्र्याला नाय. वय नव्हतं झालं तिचं. तुम्ही पाजलंत त्यानं सडली ती. आणि तुम्हीच रोज पुसून टाकत होतात.”

वाटलं होतं, सांगितल्यावर मला थंडगार वाटेल. पण पुढच्या वळणावर ह्यांच्या हातनं गाडीला कचकन धक्का बसला. घाटात बाळंतिणीला धक्का न लागू देणारे हात हे. मला भीती वाटली. “हळू चालवा,” मी म्हणाले. महाड आलं, घराकडं वळायचं ठिकाण आलं, हे वळले नाय. सरळ सवला नेली गाडी.

कुंडापाशी उतरून माझ्या बाजूचं दार उघडलं. “उतर.”

“आता कशाला?”

“गुडघ्यांना चालतं म्हणालीस ना.” आणि मला हाताला धरून दगडापर्यंत नेलं. “उतर गो, सांभाळून. शेवाळ हाय.”

मला म्हणाले. गो.

मी पाय पाण्यात सोडले. कढत पाणी गुडघ्यांपर्यंत चढलं, हाडात मुरलेली कळ सुटायला लागली. डोळे मिटून घेतले. उघडून बघते तर हे थोरलीपाशी. बॉनेटवर दोन्ही हात टेकून, मान खाली घालून, तिच्याशी काहीतरी बोलत होते. मला ऐकू आलं नाय. ऐकायची गरजही नव्हती, माफी मागताना माणूस कसा दिसतो ते मला कळतं. माझ्याजवळ कधी मागितली नाय, म्हणून तर चांगलं कळतं.

“अवो,” मी हाक मारली. “या की इकडं. बसा जरा.”

डोळे पुसत आले. धोतर वर घेऊन माझ्या शेजारी दगडावर बसले, पाय पाण्यात सोडले. आमचे खांदे एकमेकांना लागले. पण ह्यांचं तोंड होतं ते गाडीकडं.